बॅटरी नसलेल्या यंत्राचा मालक कोण?

माझ्या मावसबहिणीच्या मुलाच्या डोक्यात एक यंत्र आहे आणि त्यात बॅटरी नाही. पोरगा नऊ वर्षांचा, नाशिकला असतो. जन्मापासून ऐकू येत नव्हतं, तिसऱ्या वर्षी कॉक्लिअर इम्प्लांट झालं. कानामागे कातडीखाली एक चपटी चकती आहे आणि तिच्यातून निघालेली बारीक तार आतल्या कानाच्या शंखात वळत गेलेली आहे. बाहेर कानावर प्रोसेसर, त्याला केबल, केबलच्या टोकाला एक गोल कॉइल. कॉइलमध्ये लोहचुंबक असतो, त्यामुळे केसांवर नेली की ती टक्कन डोक्याला चिकटते. चिकटली की जग बोलायला लागतं, काढली की गप्प. आतल्या चकतीला लागणारी वीज आणि आवाजाचे संकेत, दोन्ही या कॉइलमधून कातडीपलीकडे जातात. आत स्वतःचं असं काही साठवलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी ऐन जुलैत ती केबल तुटली. वीतभर लांबीची तार ती. पण वॉरंटी संपलेली, मॉडेल जुनं झालेलं, आणि भाग परदेशातून यायचा. सात आठवडे गेले. "ताई, आतलं सगळं ठीक आहे म्हणतात गं. ऑपरेशन ठीक, चकती ठीक. फक्त पोराला ऐकू येत नाही," बहीण फोनवर म्हणाली तेव्हा मला आधी हसू आलं आणि मग स्वतःचीच लाज वाटली. ते सात आठवडे तो पहिल्या बाकावर बसून बाईंचे ओठ बघत होता.

ही केबल आत्ता आठवायचं कारण म्हणजे मेंदूतले विद्युत संकेत टिपणाऱ्या, बिनतारी आणि बिनबॅटरीच्या इम्प्लांटच्या बातम्या. मिठाच्या कणाएवढं यंत्र, केसाच्या जाडीची चिप, असे मथळे असतात. काम खरंच थक्क करणारं आहे, त्याबद्दल नाक मुरडायचं कारण नाही. पण या बातम्यांत 'बॅटरी नाही' हे वाक्य असं येतं, जणू यंत्र आता कुणावर अवलंबूनच राहिलं नाही. माझ्या भाच्याच्या घरचा अनुभव नेमका उलटा आहे. डोक्यातून बॅटरी काढली की यंत्राचा जीव बाहेरच्या डबीत जातो. आणि ती डबी कुणाच्या हातात, हा प्रश्न शास्त्रज्ञांनी सोडवायचा नाही, तो आपण सगळ्यांनी सोडवायचा आहे.

बॅटरी नकोशी का झाली, ते आधी सांगायला हवं. माणसाच्या मेंदूतल्या विद्युतलहरी पहिल्यांदा टिपल्या हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरने, १९२४ साली, येना शहरात. आजही ईईजी काढताना आपण तेच करतो, डोक्याच्या कातडीवर इलेक्ट्रोड चिकटवतो. अडचण अशी की मधे कवटी आहे. आतली लहर बाहेर येईपर्यंत काही मायक्रोव्होल्ट उरते, आणि ती नेमकी कुठून आली ते धूसर होतं. शेजारच्या घरातलं भांडण भिंतीला कान लावून ऐकावं, तसं. भांडण चाललंय एवढं कळतं, कोण कुणाला काय म्हणालं ते नाही.

अपस्माराच्या ज्या रुग्णांना औषध लागू पडत नाही, आणि साधारण तिघांत एकाची ही गत असते, त्यांच्यासाठी कधीकधी कवटीला भोकं पाडून इलेक्ट्रोड आत सोडावे लागतात. तारा डोक्यातून बाहेर काढलेल्या, त्यांचा जुडगा यंत्राला जोडलेला. औषध कमी केलेलं, आणि पेशंट आठवडा-दोन आठवडे कॉटवर पडून फिट येण्याची वाट बघतोय. नातेवाईक एरवी फिट येऊ नये म्हणून देव पाण्यात घालून बसलेले असतात, इथे ती एकदाची यावी म्हणून बसतात. शिवाय जिथून तार बाहेर येते तिथून जंतू आत जाऊ शकतात. त्यामुळे तारा काढून टाकण्यात मोठंच हित आहे.

मग बॅटरी का नको? पार्किन्सनसाठी मेंदूत खोलवर जे इलेक्ट्रोड बसवतात, त्यांची बॅटरी छातीत कॉलरबोनखाली असते आणि साध्या प्रकारची असेल तर तीन ते पाच वर्षांत संपते. म्हणजे पुन्हा टेबलावर, पुन्हा चिरा, पुन्हा काही लाख. बॅटरी जागा खाते आणि तापतेही. मेंदूजवळचं यंत्र एक-दोन अंशांनी तापणंही धोक्याचं असतं.

यावरचा तोडगा आपल्या सगळ्यांच्या पाकिटात आहे. मेट्रोच्या कार्डात बॅटरी नसते. कार्ड गेटवरच्या रीडरजवळ नेलं की रीडरच्या लहरींतूनच त्याला वीज मिळते, आणि त्याच लहरींत थोडा फेरफार करून ते आपली ओळख परत पाठवतं. गाडीच्या काचेवरचा फास्टॅगही याच जातकुळीचा. अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी मेंदूचे संकेत टिपायला हेच तत्त्व वापरलं: बाहेरून रेडिओलहर सोडायची, आतल्या साध्याशा मंडलाने तिच्यावर मेंदूच्या लहरीचा ठसा उमटवायचा आणि ती परत फिरवायची.

कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या गटाने २०१६ साली रेडिओऐवजी अल्ट्रासाउंड वापरला. कारण यंत्र फार लहान केलं की रेडिओलहरी त्याला नीट पकडतच नाहीत, ध्वनिलहर मात्र शरीरातून सहज जाते. उंदराच्या मज्जातंतूवर बसवलेला त्यांचा स्फटिक ध्वनीने थरथरतो, आणि मज्जातंतूतला विद्युतदाब बदलला की त्याचा प्रतिध्वनी बदलतो. 'न्यूरल डस्ट' म्हणजे मज्जातंतूंवरची धूळ, असं नाव त्यांनी दिलं. २०२१ मध्ये ब्राउन विद्यापीठाच्या गटाने उंदराच्या मेंदूवर मिठाच्या कणाएवढ्या ४८ चिप पसरल्या. २०२५ मध्ये कॉर्नेलच्या संशोधकांनी ३०० मायक्रॉन लांब आणि ७० मायक्रॉन रुंद (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) अशी चिप दाखवली. तिला वीज मिळते लेसरच्या प्रकाशातून, आणि बोलतेही ती प्रकाशानेच. उंदराच्या डोक्यात ती वर्षाहून अधिक काळ चालली.

यातलं काहीही अजून दवाखान्यात मिळत नाही. गंमत म्हणजे त्या 'धुळी'च्या संशोधकांतला एक जण पुढे इलॉन मस्कच्या न्यूरालिंक या कंपनीच्या संस्थापकांत गेला, आणि जानेवारी २०२४ मध्ये त्या कंपनीने पहिल्या माणसाच्या कवटीत जे यंत्र बसवलं त्यात बॅटरी आहे. ती बाहेरून बिनतारी चार्ज होते, एवढंच. म्हणजे माणसाची वेळ आली तेव्हा धुळीचं स्वप्न पाहणाऱ्यांनीही तूर्त बॅटरीच पत्करली.

आता एक जुनी गोष्ट, कारण माझा सगळा मुद्दा तिच्यात आहे. १९४५ साली मॉस्कोत सोव्हिएत शाळकरी मुलांनी अमेरिकेच्या राजदूतांना, अ‍ॅव्हरेल हॅरिमन यांना, एक लाकडी भेट दिली. अमेरिकेची राजमुद्रा, सुबक कोरलेली. राजदूतांनी ती घरी भिंतीवर लावली. १९५२ पर्यंत ती तिथेच होती, आणि त्या खोलीतलं बोलणं सोव्हिएत हेर ऐकत होते. आत लिऑन थेरमिन या रशियन संशोधकाने बनवलेलं यंत्र होतं: एक पोकळी, एक पातळ पडदा, एक दांडी. बॅटरी नाही, तार नाही. एरवी ते लाकडात पडलेलं निर्जीव धातूचं भांडं. बाहेरून ठरावीक लहर सोडली की ते बोलायला लागायचं, लहर थांबली की पुन्हा मुकं. शोधायला गेलेल्यांना ते सापडत नव्हतं ते यामुळेच.

ज्या यंत्रात स्वतःची वीज आहे, ते कधी बोलणार ते त्याच्या आतच ठरवून ठेवता येतं. बिनबॅटरीच्या यंत्रात तो निर्णय लहर सोडणाऱ्याचा असतो. ज्याच्या डोक्यात ते आहे त्याला, कुणी विचारतंय हे कळायचंही कारण नाही.

इथे घाबरवायचा माझा हेतू नाही. २०२२ साली एक व्हिडिओ सगळ्या फॅमिली ग्रुपवर फिरला होता: सिग्नलला एक मुलगा गाडीची काच पुसतो आणि हातातल्या घड्याळाने फास्टॅगमधले पैसे काढतो. खोटा होता, सरकारलाही खुलासा करावा लागला. तसाच उद्या कुणी तरी लोकलमध्ये शेजारी बसून डोक्यातले विचार चोरेल वगैरे येईल, ते पुढे पाठवू नका. या यंत्रांचा पल्ला मिलिमीटर-सेंटिमीटरमध्ये मोजायचा. डबी डोक्याजवळ आणावी लागते, आणि जे मिळतं ते विचार नसून लहरी असतात. चोराची भीती मला नाहीच. मला भीती आहे ती ज्यांना आपण स्वतःच्या हाताने डबी देतो त्यांची: दवाखाना, कंपनी, विमेकरी, मालक, पोलीस. आणि घरचे लोकसुद्धा, हेही लिहून टाकते.

भारतात अपस्माराचे रुग्ण एक कोटीच्या घरात असावेत असा अंदाज आहे, पण तुमच्या ओळखीत किती आहेत ते आठवून बघा. फारसे आठवणार नाहीत, कारण सांगत नाहीत. आजही रस्त्यात कुणाला आकडी आली की चप्पल नाही तर कांदा हुंगवणारे लोक आहेत. हिंदू विवाह कायद्यात अपस्मार असलेल्या व्यक्तीला लग्नासाठी अपात्र मानणारा शब्द १९९९ पर्यंत होता. कायद्यातून तो गेला, स्थळं बघताना अजून आहेच. ड्रायव्हिंग लायसन्ससाठी जो फॉर्म १ भरतो, त्यातला पहिला प्रश्न तुम्हाला अपस्मार आहे का किंवा अचानक शुद्ध हरपते का, हाच. गोळ्यांची पट्टी पदराआड घेणारी मुलगी मी पाहिलेली आहे. डोक्यात प्रत्येक झटक्याची तारीख-वेळ टिपणारं यंत्र बसवलं की हा आडोसा जातो. तिच्या डॉक्टरांसाठी ती नोंद म्हणजे सोनं आहे, कारण पेशंटच्या वहीतल्या नोंदी बऱ्याचदा चुकतात हे आता माहीत झालं आहे. प्रश्न इतकाच, की तीच नोंद तिच्या होणाऱ्या सासऱ्याच्या, कंपनीच्या एचआरच्या, विमा एजंटाच्या हाती कशी पडणार नाही?

'मेंदूची नोंद आणि कोर्ट' हा विषय तर आपल्याला नवा नाहीच, महाराष्ट्राने त्यात जगात पहिला नंबर लावलेला आहे. २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका तरुणीला खुनासाठी जन्मठेप सुनावली. पुराव्यांत एक अहवाल होता, मुंबईच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेतला. तिच्या डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी चढवून गुन्ह्याबद्दलची वाक्यं ऐकवली होती, आणि तिच्या लहरींत 'अनुभवाची खूण' सापडल्याचं तज्ज्ञांनी सांगितलं होतं. त्याच वर्षी बंगळुरूच्या निमहान्स या मेंदू आणि मनोविकारांच्या संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने अशा चाचण्यांना शास्त्रीय आधार नसल्याचं म्हटलं. पुढे उच्च न्यायालयाने त्या तरुणीला जामीन दिला. मे २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात निकाल दिला, की नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूलहरींची चाचणी कुणावरही संमतीशिवाय लादता येणार नाही. आपल्या न्यायालयाचा हा निकाल मला फार मोलाचा वाटतो, बाहेरच्या अनेक देशांच्या आधी आपण तिथे पोचलो होतो.

पण सेल्वीचा निकाल चाचणी लादण्याबद्दल आहे. इम्प्लांटमध्ये चाचणी अशी वेगळी घ्यावीच लागत नाही. नोंद उपचारासाठी आधीच होऊन कुठल्या तरी सर्व्हरवर पडलेली असते, पोलीस फक्त ती मागवतील. हे कल्पनेतलं नाही. ओहायोमध्ये एका माणसावर स्वतःचं घर पेटवल्याचा आरोप होता, आणि २०१७ साली तिथल्या न्यायाधीशांनी त्याच्या पेसमेकरमधली नोंद पुरावा म्हणून वापरायला परवानगी दिली. हृदयाचे ठोके चालले, तर मेंदूचे झटके का नाहीत, असा युक्तिवाद एखादा सरकारी वकील करणारच. तो आपलं काम करत असेल. त्याला अडवणारी ओळ कायद्यात असायला हवी आणि ती आज नाही.

उलट आपण एक पायरी उतरलो आहोत. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०११ च्या नियमांत वैद्यकीय नोंदी आणि बायोमेट्रिक माहिती 'संवेदनशील' म्हणून वेगळी काढलेली होती. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, ज्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, असा वेगळा कप्पाच नाही. त्या कायद्यापुढे तुमचा मोबाइल नंबर आणि तुमच्या मेंदूतली लहर एकाच पंगतीत बसतात. चिलीने २०२१ मध्ये राज्यघटनेत बदल करून मेंदूतल्या माहितीला संरक्षण दिलं, आणि २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने डोक्यावर बांधायचा पट्टा विकणाऱ्या एका कंपनीला ग्राहकाची मेंदूलहरींची माहिती पुसायला लावली. कोलोरॅडो आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी २०२४ मध्ये मेंदूची माहिती संवेदनशील यादीत घातली. आपल्याकडे निदान २०११ चा तो कप्पा तरी परत आणा.

तरीही माझ्या मते माहितीची चोरी हा या प्रकरणातला दोन नंबरचा धोका आहे. पहिला धोका माझ्या बहिणीने भोगला तो: डबीच बंद पडणे. आर्गस दोन नावाचं एक कृत्रिम डोळ्याचं यंत्र होतं. चष्म्यावर कॅमेरा, आणि दृष्टिपटलावर बसवलेल्या इम्प्लांटला वीज आणि चित्र बाहेरून, कॉइलमधून. आत बॅटरी नाही. २०१३ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली, जगभरात साडेतीनशेहून जास्त अंध माणसांच्या डोळ्यांत ते बसवलं गेलं. २०१९ मध्ये कंपनीने ते बनवणं थांबवलं, २०२० मध्ये जवळपास सगळी माणसं घरी पाठवली. ज्यांच्या डोळ्यांत ते होतं त्यांना सुटे भाग मिळेनात. डोळ्यातलं यंत्र शाबूत, चष्मा बिघडला, की पुन्हा अंधार.

मेलबर्नची हकीकत अजून जिव्हारी लागते. २०१० पासून तिथे अपस्माराच्या १५ रुग्णांवर एक चाचणी झाली. मेंदूवर इलेक्ट्रोड, छातीत एक यंत्र, हातात पेजरसारखी डबी. निळा दिवा म्हणजे बिनघोर, पांढरा म्हणजे जपून, लाल म्हणजे फिट येऊ शकते, बसून घ्या. त्यातल्या एका बाईंचं आयुष्य या तीन दिव्यांनी बदललं, एकटीने बाहेर पडायचं धाडस आलं. मग कंपनीचे पैसे संपले. यंत्र काढावं लागेल असा निरोप आला. घर गहाण टाकून ते विकत घ्यायची नवरा-बायकोची तयारी होती. उपयोग झाला नाही, काढलंच. यंत्र कंपनीचं होतं, आणि ते बाईंच्या मेंदूवर आहे ही कागदाच्या दृष्टीने किरकोळ बाब होती.

या पार्श्वभूमीवर आपल्याकडे हमखास ऐकू येणारा आक्षेप: इथे तालुक्याला न्यूरॉलॉजिस्ट नाही, आणि तुम्ही उंदरांच्या चिपवर कायदे कसले मागताय? आक्षेपातलं पहिलं अर्धं वाक्य खरं आहे. म्हणूनच तर दुसरं चुकतं. मेलबर्नच्या बाईंना निदान वकील गाठता आला असता. नंदुरबारहून मुंबईला मुलाला घेऊन आलेल्या बापाकडे, सही करताना फॉर्म वाचून दाखवणारंही कुणी नसतं.

आणि सुरुवात करायला चिपची वाट बघायचीही गरज नाही. बिनबॅटरीचं इम्प्लांट आपल्या सरकारने हजारो मुलांच्या डोक्यात आधीच बसवलं आहे. केंद्राच्या अ‍ॅडिप योजनेत (दिव्यांगांना साधनं घेऊन देणाऱ्या) २०१४ साली दरवर्षी ५०० मुलांना, प्रत्येकी ६ लाख रुपयांपर्यंत, कॉक्लिअर इम्प्लांटसाठी मदत ठरली, आणि तिचं काम बघते ती मुंबईची, वांद्र्याची अली यावर जंग संस्था. एवढा मोठा गिऱ्हाईक कंपन्यांना अटी घालू शकतो. पहिली अट ही असावी, की कायद्यात इम्प्लांट म्हणजे आतली चकती आणि बाहेरची डबी मिळून एकच वस्तू. आतली जितकी वर्षं टिकणार, तितकी वर्षं बाहेरचे भाग, केबलपासून सॉफ्टवेअरपर्यंत, आटोक्यातल्या भावात मिळालेच पाहिजेत. त्यासाठीची रक्कम आधीच अनामत ठेवायची. कंपनी बुडाली किंवा मॉडेल बंद केलं, तर आतल्या-बाहेरच्या यंत्रांची आपसातली भाषा खुली करायची, म्हणजे दुसरा कुणी डबी बनवू शकेल. कंपन्या व्यापारी गुपिताचं कारण सांगतील. सांगू दे. ज्या वस्तूतून बाहेर पडायला ऑपरेशन लागतं, तिच्यात गुपिताचा हक्क थोडा कमीच असायला हवा.

मेंदूच्या यंत्रांसाठी याच्या जोडीला किल्ली हवी. आधारमध्ये आपण बोटांचे ठसे लॉक करून ठेवू शकतो, तसं इम्प्लांट लॉक करता यावं. आणि ते कधी, कुठल्या डबीने वाचलं, याची यादी पेशंटला आपल्या फोनवर दिसावी. लायसन्सच्या बाबतीत मी थोडी अडखळते. फिट येणाऱ्या माणसाने बस चालवू नये हे मलाही पटतं. पण त्यासाठी डॉक्टरांचं प्रमाणपत्र पुरतं, आरटीओला किंवा मालकाला कच्च्या लहरी बघायचं काम नाही. विमेकऱ्याला तर अजिबातच नाही.

भाच्याची केबल शेवटी आली. बहिणीने तेव्हाच दोन जास्तीच्या मागवल्या आणि त्या तांदळाच्या डब्यावरच्या फळीवर, प्लास्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवल्यात. पोरगं मात्र हल्ली वेगळंच शिकलंय. आई रागवायला लागली की तो शांतपणे हात वर नेतो, कॉइल काढतो आणि खिशात टाकतो. "बघ ताई, आता मी कुणाशी बोलू?" बहीण वैतागून म्हणते. तो आमच्या दोघींच्या तोंडाकडे बघत असतो. राग ओसरला असं त्याला वाटलं, की कॉइल टक्कन परत लावतो.